डिस्कार्ड वाचनालय

माझं माहेर चिरनेरकडचं. बाप भात लावायचा आणि बाकीच्या दिवसांत खाडीत जाळं टाकायचा. आमच्या घरात पुस्तक म्हणजे दादाचं शाळेचं, तेवढंच, आणि तेही पावसात भिजायचं, मग दादा ते चुलीजवळ सुकवून परत शिवायचा, गोणपाट शिवायचा दाभण असतो ना, त्यानं. त्याला ते शिवणंच आवडलं, वाचणं तेवढं नाय. म्हणून तो पनवेलला एका बाइंडरकडे राहिला, मग मुंबईला छापखान्यात गेला, आणि तिथं एक अमेरिकेचा साहेब यंत्र बघायला आलेला, त्यानं दादाचा हात बघितला आणि म्हणाला, येतोस काय आमच्याकडे. आई रडली. बाप बोलला, तिकडं भात मिळतो काय ते आधी विचार.

तर काय सांगू तुला बाय, ज्या घरात कुणी धड शाळा पुरी केली नव्हती त्या घरातला माझा दादा अमेरिकेत पुस्तकं काढणाऱ्या मोठ्या कंपनीत लागला, बाइंडिंग खात्यात, तो म्हातारा होईपर्यंत तिथंच. वयनी पनवेलची, मॅट्रिक झालेली, ती तिकडं जाऊन आणखी शिकली आणि त्यांच्या गावच्या लायब्ररीत लागली. आणि त्यांची अनिता, ती तर त्यातलीच मोठी परीक्षा देऊन आईच्याच लायब्ररीत, लहान पोरांच्या पुस्तकांवर साहेबीण. म्हणजे बाप पुस्तक शिवतो, आई ते मांडते, पोरगी ते पोरांच्या हातात देते. सगळं घर पुस्तकांवर जेवतं. इथं बायका मला विचारायच्या, दादा तुझा तिकडं काय करतो गं, मी सांगायची, पुस्तकं शिवतो. बोलायच्या, म्हणजे शिंपी हाय.

मी लग्न होऊन इकडं विचुंब्याला आले. तेव्हा इथं सगळी भातशेतीच, या बिल्डिंगी आत्ताच्या. माझी पोरं मोठी झाली, कामाला लागली, मालक गेले, घर रिकामं. एकदा एसटीडी बूथवरून दादाशी बोलताना मी सहज म्हटलं, इथं पोरं दुपारभर उन्हात उंडारतात रे, काय करू त्यांचं. काही महिन्यांनी न्हावा शेव्याला बोट लागली आणि टेम्पोनं खोकी आली दारात. उघडते तर पुस्तकं. चित्रांची, रंगीत, जाड पुठ्ठ्याची.

सरपंचाच्या पाया पडून मी देवळामागची खोली मागून घेतली. तिथं आधी तरुण पोरं कॅरम खेळायची, ती माझ्यावर फुगून बसली. सरपंच म्हणाला, काकी, वापरा, पण पोरं आली तर, नायतर खोली परत. बोर्ड रंगवायला पेंटर आला, विचारतो, नाव काय टाकू. आता मला इंग्रजी येत नाय. पण मी बघितलेलं, प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर लाल शाईत मोठा शिक्का, सगळ्यांवर एकच शब्द. मला वाटलं, वयनीच्या लायब्ररीचं नाव असणार. तिनं दिलंय, तर तिचंच नाव लागू दे. पेंटरनं अक्षरं जुळवली आणि म्हणाला, झ्याक नाव हाय काकी, फॉरेनचं वाटतं. आणि लिहिलं, डिस्कार्ड वाचनालय. खाली विचुंबे.

पोरं यायला लागली. इंग्रजी वाचता कुणाला येत नव्हतं, चित्रं बघायची आणि आपापली गोष्ट लावायची. एका पुस्तकात सगळीकडे बर्फच बर्फ, घरावर, झाडावर, आणि पोरं घसरतायत. आमची पोरं म्हणाली, काकी, हे तर मिठागर, एवढं मीठ घरावर कशाला टाकलंय यांनी. मीपण सांगितलं, असेल बाबा, तिकडं मासे लई सुकवत असतील. हसू नको. आमाला काय ठाव.

मग बिल्डिंगीत राहायला आलेले एक सर, त्यांची मुलगी इंग्रजी शाळेत, ते एकदा तिला घेऊन आले आणि बोर्डाखाली उभं राहून हसायलाच लागले. म्हणाले, बाई, हे नाव कुणी ठेवलं, डिस्कार्ड म्हणजे टाकाऊ, काढून टाकलेलं. वाईट बोलला नाय तो माणूस, सरळ सांगितलं. पण गावात व्हायची ती बोंब झाली. कॅरमवाली पोरं मला बघितलं की म्हणायची, काकी, अमेरिकेनं फेकलं आणि तुमी झेललं. सरपंच म्हणाला, कचऱ्यासाठी खोली अडवून ठेवायची म्हणजे लोक मला विचारणार, ग्रामसभेत काय तो निकाल लावू. मला खोलीचं दुःख होतंच, पण त्याहून मोठं हे, की माझ्या सख्ख्या भावानं मला कचरा पाठवला? दोन वेळा बूथवाला निरोप घेऊन आला, अमेरिकेचा फोन हाय म्हणून. मी गेले नाय.

आणि त्याच थंडीत दादा आला, अनिताला घेऊन. मी पाणीसुद्धा नीट विचारलं नाय. पुस्तक पुढ्यात टाकलं आणि म्हटलं, वाच हा शिक्का आणि सांग, मी तुझी कोण. दादाच्या आधी अनिताच बोलली, तिचं मराठी जपून जपून पाय टाकल्यासारखं, म्हणाली, आत्या, शिक्का मीच मारला. कपाट तेवढंच असतं, नवीन पुस्तकं येत राहतात, मग चांगली असली तरी काही काढावीच लागतात. आमी त्याला, ते शेतातलं गवत काढतात ना, तसं म्हणतो. दादा म्हणाला, बेणणी. मी म्हटलं, वा, म्हणजे गवतच की. बेणून टाकलेलं कुणी परत लावतं काय रे?

दादानं पुस्तक उचललं, उलटं केलं, पाठीवरून अंगठा फिरवला, मधलं पान उघडून दोरा बघितला. मग म्हणाला, बाय, हे आमच्या कारखान्यातलं हाय, हा दोरा माझ्या मशीनचा. हिच्या आईनं ते कपाटात लावलं, हिनं काढलं, आणि टाकून द्यायची पाळी आली तेव्हा ही मला म्हणाली, बाबा, आत्याकडे जागा हाय ना?

मी चहा ठेवायला उठले, आणि आधण येईपर्यंत माझ्या डोक्यात आमचा भाताच्या रोपांचा राब आला, चिरनेरचा. राबात रोपं दाट होतात, ती खणून, मूठ बांधून, दुसऱ्या खाचरात लावायची, नाय लावली तर तिथल्या तिथं पिवळी पडतात. मी आतूनच ओरडले, अरे दादा, अमेरिकेत राहून शेती विसरलास, ही बेणणी नाय, ही खणणी! दादा एवढा हसला, एवढा हसला, की डोळे पुसायला लागला. अनिता विचारत बसली, खणणी म्हणजे काय, खणणी म्हणजे काय.

ग्रामसभेत मी हेच बोलले. पोरं मागून खिदळतायत. सरपंचाची आई पुढंच बसलेली, ती मुलाला म्हणाली, अरे खणलेली मूठ बांधावर किती वेळ ठेवशील, सुकेल ना, जागा दे तिला आधी. सगळी सभा हसली आणि खोली राहिली. संध्याकाळी कॅरम, दिवसा पुस्तकं, असं ठरलं. त्या सरांची मुलगी आता रोज येते, इंग्रजी वाचून आमच्या पोरांना मराठीत सांगते. बर्फ म्हणजे काय तेपण सांगितलं तिनं. पोरं म्हणाली, असू दे, आमाला मीठच आवडतं.

बोर्ड बदला, असं पुष्कळ जण सांगतात. मी नाय बदलला. पोरं घरी सांगतात, डिस्कार्डला चाललो, आणि आया म्हणतात, जा.

आता कपाट भरलं. दादा अजून खोकी पाठवतो, ठेवू कुठं? म्हणून गेल्या महिन्यात मी स्वतः बसून काही काढली, शिवण सुटलेली दाभणानं शिवली, आणि माहेरी पाठवली, चिरनेरला, शाळेशेजारी तिकडच्या चुलत भावाच्या पोरीनं एक पडवी मोकळी केलीय. तिचा निरोप आला, आत्या, बोर्डावर नाव काय टाकू. मी सांगितलं, तेच टाक.

बस, एवढंच माझं. तुझा चहा गार झाला बघ ऐकता ऐकता. पी तो. आणि सुखी राहा बाय, जिथं लावतील तिथं रूज.