चव्वेचाळीस नंबरचं विमान

चव्वेचाळीस नंबर किती छापला? — सहा पत्रं टाकली दादानं चिंगमच्या कंपनीले, साही पत्रात एवढंच इचारलं, आन कोणी उत्तर देलं नाई. म्हणजे — एक उत्तर आलं म्हणतात ना सगळे. तेच पत्र पाहाले तुमी नागपूरहून आल्या, माहीत आहे मले. बसा ज्योत्स्नाताई, बाजेवर बसा. दादाले जाऊन आज बावीस दिवस झाले, घर असंच पडून आहे. हा त्याचा अल्बम. लावा हात — तो असता तर पहिले तुमाले हात धुवाले लावले असते. साठ खाने, एकोणसाठ विमानं. एकेक रुपयाच्या चिंगममधून निघालेले कार्डं. चिंगम मी खाये, कार्ड तो ठेवे, असा आमचा सौदा.

कसे जमवले म्हणता? — आमचा तांडा मेडशीजवळ, पण दिवाळी झाली का आमी ऊसतोडीले, सहा महिने तिकडं कारखान्यावर, पाचटाच्या कोपीत. तर प्रेमसिंगदादाच्या तिथंच ध्यानात आलं — इकडं मेडशीच्या दुकानात अकरा नंबर भेटे नाई, आन तिकडं पोरं अकरा नंबर फेकून देत. इकडचा सत्तावीस तिकडं कोणी पाह्यलाच नाई. शाळा चौथीतच सुटली त्याची, पण हे त्यानं बरोबर पकडलं — म्हणे, मुन्ना, मोठा कागद एकच असते, त्याच्यावर साठही विमानं एकदम छापतात, तर छापत असतीन सारखेच, पण पेट्या भरताना खेळ करतात, एखादा नंबर दाबून ठेवतात, पोरानं घेतच राहावं म्हणून. मंग ट्रकात गठुड्यायवर बसून इकडचे तिकडं नेले, तिकडचे इकडं आणले, एकोणसाठ जमवले. राह्यला तो चव्वेचाळीस. त्याले वाटे, आपण अजून गेलो नाई अशा एखाद्या कारखान्यावर त्याचा ढीग असन.

खरं सांगू? — नाई, चाय घ्या पहिले. — मी पाह्यला होता तो. सहा वर्षांचा होतो. मायबाप आन दादा उसाच्या फडात, मी कोपीपाशी एकटा, आन माह्या चिंगममधून निघाला — पिवळं विमान, एकावर एक दोन पंख. हो, असंच, तुमी पाकिटातून काढून राह्यल्या ते. ठेवा ताई, आत ठेवा. मले कुठं वाचता ये, नंबर कोण पाहते. विमान आहे तर उडवून पाहू म्हटलं — कालव्याच्या पुलावरून सोडलं. दोन गिरक्या खाल्ल्या आन गेलं पाण्यात. लय हसलो मी. आन हप्त्यानं दादानं माह्यं बोट धरून धुळीत आकडा काढून दाखवला — दोन सारखेच आकडे, बाजूबाजूले — म्हणे, हा भेटला तर सांगजो. मले आठवलं. मी म्हटलं, हो, सांगीन.

मंग धुंडतच राह्यला तो, सोळा वर्षं. मोबाईल आला, तुमचा तो कार्डवाल्यायचा ग्रुप आला, तरी धुंडणं सुरूच. माय म्हणे, एवढी पत्रं पोरीवाल्यायले लिहिली असती तर घरात सून आली असती. मले पाहवत नव्हतं. तोंडानं सांगाची हिंमत नाई, तर मी — झटका आला तसा उठलो आन आपल्या मालेगावले गेलो, टाईपवाल्या पोराले म्हटलं, लिही — चव्वेचाळीस नंबरची प्लेट तुटली होती, तो छापलाच नाई, तुमचा सेट पूर्ण आहे. कंपनीचा शिक्का वाशिमले बनवला. पोस्टात टाकलं. कंपनी तर कवाच बंद पडली होती, ताई.

दादानं तीनदा वाचलं. अल्बम उघडून रिकाम्या खान्यावर बोट फिरवलं, म्हणे, पाह्य, मी उगाच नावं ठेवली कंपनीले, नंबर कोणी दाबलाच नव्हता. तांडाभर गूळ वाटला. पत्राले प्लास्टिक चढवलं आन फोटो ग्रुपवर टाकला. मंग तुमी तुमच्या चव्वेचाळीसचा फोटो टाकला, तर पत्रापायी तो नकली झाला. लोकायनं तुमाले काय काय म्हटलं — घरी छापते बाई, असंही म्हटलं. दादानंही लिहिलं, पत्र वाचा मॅडम. मी बाजूलेच बसलो होतो. हसलोही असन.

मंग कावीळ झाली त्याले. अकोल्याच्या दवाखान्यात अकराव्या दिवशी मले जवळ बोलावलं, म्हणे, त्या नागपूरच्या बाईचा फोटो मी मोठा करून पाह्यला, मुन्ना, कडा आपल्या कार्डायसारख्याच वाकड्या कापल्या आहेत. कंपनीनं नाई छापला ना? — तोंड उघडलं होतं मी, सांगाले. आन म्हटलं, नाई छापला दादा, पत्र आहे ना आपल्यापाशी. तो पाहत राह्यला माह्याकडं. मंग म्हणे, बरं. — समजला असन का तो, ताई? — तुमाले तरी काय माहीत.

तुमचा खरा आहे. सांगा ग्रुपवर. फक्त लिहा, पत्र मुन्नानं बनवलं, प्रेमसिंगनं नाई. एवढं करा. — काय म्हटलं? तुमचं कार्ड त्या खान्यात ठेवता? — नाई ताई. घ्या तो परत. त्याचा सेट पूर्ण आहे, मीच तसं लिहून देलं आहे. उठा आता, साडेचारची बस गेली तर अंधार होईन तुमाले. — पत्र? पत्र नाई दाखवता येत. लगन झालं नव्हतं त्याचं, तर आमच्यात जाळत नाई, माती देतात. सदरा मीच चढवला त्याले. खिशात पत्र ठेवलं, बटन लावलं. कोणी म्हणे, प्लास्टिक तरी काढ. माती ओली होती, ताई. मी नाई काढलं.