साडूचा नवा दिवा

देवाशपथ सांगतो, हे माझ्यासोबत घडलं. म्हणजे घडलं माझ्या साडूसोबत, पण सायकल माझी होती.

साडू बजाजनगरचा. पहिल्या पाळीला पहाटे अंधारातच सायकलवर निघायचा आणि शेतातल्या रस्त्यानं तीन वर्षं नुसत्या अंदाजानं जायचा; दिवसा परत येताना मात्र डांबरी सडकेनं यायचा. बायकोनं लईच टुमणं लावलं, तेव्हा दिवा घ्यायला उस्मानपुऱ्यात गेला.

दुकानदार म्हणाला, "भाऊ, तुम्हाला रस्ता दिसायला पाहिजे, का समोरच्याला तुम्ही? दिवे वेगळे असतात."

"मला रस्ता. सगळ्यात मोठा द्या."

दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीच्या वळणावर दिव्याचा झोत पडला आणि साडूनं करकचून ब्रेक दाबला. चाकापासून हातभर अंतरावर विहीर. कठडा नाय, काही नाय. तीन वर्षं हा गडी तिच्या काठावरून गाणी म्हणत गेला होता. तिथनं कंपनीपर्यंत सायकल हातात धरून चालत गेला.

संध्याकाळी दिवा घेऊन परत दुकानात. "हा नको. मी नुसता लोकांना दिसेन, असला द्या."

"का? उजेड कमी पडला व्हय?"

"लई पडला."

आता खोटं काय तेही सांगतो. विहीर आहे, दिवाही आहे. मला साडूच नाय.