जुन्या बाजारातली भवानी

ऐका. आणि आबा, तुम्ही मध्ये बोलायचं नाही. दर वेळी गोष्ट तुम्ही सुरू करता आणि शेवट येण्याआधी तुम्हालाच झोप लागते!

तर आपली चंपूआत्या. कासारीण. केळंबीच्या बाजारातून निघाली तेव्हा अंधार पडला होता. दिवसभरात एक बांगडी विकली नव्हती. भवानीच झाली नव्हती! डोक्यावर भरलेली पाटी, आणि बाईनं वाट कुठली धरली? ओढ्याकाठची. जुन्या बाजाराची.

पूर्वी पेठ तिथंच होती. घाटातून बैलांचे तांडे उतरायचे, उथळ पाण्यापाशी थांबायचे, तिथंच बाजार भरायचा. मग साथ आली. हो आबा, प्लेगाची, माहीत आहे मला! माणसं बाजारातच पडली. पेठ उठली ती टेकडीवर गेली. खाली उरली एक चिंच आणि दगडी ओटे.

आत्या ओट्यांपाशी आली. चिंचेआडून आवाज आला, "कासारीण, बांगड्या भर गं."

पळायचं ना? पण भवानीचं गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही, हे आम्हा कासारांच्या रक्तात! आत्या बसली. एक हात पुढं आला. नुसता हात. तोंड अंधारात. आणि गार! ओढ्यातल्या धोंड्यासारखा गार.

आत्यानं हात दाबला, बांगड्या चढवल्या. मनगट भरलं. "अजून." आता कोपर यायला हवं. येईना! बांगड्या चढताहेत, हात लांबतोय. चढताहेत, लांबतोय. पाटी रिकामी झाली, आणि त्या बोटांनी आत्याचंच मनगट धरलं.

"अजून भर. नाहीतर तू ये."

ओढलं तिला. फरफटत! हाक मारणार कुणाला? तेवढ्यात तिला आठवलं. हात भरून झाला की कासारीण एक बांगडी आशीर्वादाची घालते, आणि लेणारी तिला नमस्कार करते. मेलेली असली तरी बाजाराला आलेली बाईच ना ती, रीत मोडेल कशी! आत्यानं दातांनी स्वतःची बांगडी ओढून काढली, त्या हातात सारली.

"अखंड राहा, बाई. भरला हात."

पकड सुटली. अंधारात दोन हात जुळले. नमस्काराला! आत्या जी पळाली!

सकाळी लोक तिथं गेले. सगळ्या बांगड्या ओट्यावर. एकही पिचलेली नाही. आत्याची तेवढी नव्हती.

आजही आत्याच्या त्या धरलेल्या मनगटात बांगडी टिकत नाही. गारठ्यानं तडकते. त्या वाटेनं जाऊ नका. दिवसाही नको. आणि आबा, उद्या म्हैस तिकडूनच नेणार होतात ना? न्या की! पण कुणी हात पुढं केला, तर तुमच्या मनगटात काढून द्यायला बांगडी नाही.