पेवातला कंदील

तुम्हाला सांगतो, धारूरचं जुनं घर पाडायचं न्हाई, दुरुस्तच करायचं, असं मी अन् माझ्या चुलतभावानं, बाळूनं ठरवलं. ओसरीची फरशी उचलली तर खाली पेव निघालं, जुन्या काळी धान्य साठवायचं तसलं.

बाळू लगेच कमरेला दोर बांधून तयार. "मोबाईलच्या उजेडात उतरतो."

मी म्हणलं, "नवा मोबाईल हाय, पडंल बे. आधी कंदील सोडून बघू."

कंदील दोरीनं खाली सोडला. अर्ध्यातच विझला.

"वारा लागला असंल," म्हणत बाळूनं पाय आत सोडले.

मी त्याची कॉलरच धरली. "बंद पेवात वारा कुठून येईल? खाली हवाच न्हाई, बाळ्या!"

त्यानं गपकन पाय वर घेतले. कमरेचा दोर सोडला. मग म्हणला, "मोबाईल काई विझला नसता."