डाव्या गाठीचं पुडकं

सन्माननीय अध्यक्षा आणि या दुकानाच्या मालकीणबाई, ज्यांच्या एका आवाजावर आमची अख्खी पिढी टीव्हीसमोर मांडी ठोकून बसायची ते प्रमुख पाहुणे, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती आणि समोर बसलेल्या माझ्या बंधूंनो, भगिनींनो,

सत्कारमूर्ती माझे सख्खे थोरले बंधू. आज चारचौघांत त्यांना 'अहो' म्हणायचं असं ठरवून आले होते. पण जमायचं नाही. दादा तो दादाच.

चाळीस वर्षं त्याने इथे भेटवस्तू बांधल्या. त्याच्याआधी त्याच टेबलावर आमचे बाबा बांधायचे. सणाच्या सुट्ट्या लागल्या की टेबलासमोर ही रांग! बाबांचा एक नियम होता. चिकटपट्टीला हात लावायचा नाही. कागद घडीत घडी अडकवून बसवायचा, वर फीत, आणि गाठ उजवीकडे. पुडकं सुटलं तरी कागदाला ओरखडा नाही. दादाने तो नियम आजवर पाळला. पुढे त्याची टेबलं तीन झाली, हाताखाली माणसं आली, पण चिकटपट्टी आली नाही. खरं की नाही?

मालकीणबाई घड्याळाकडे बघताहेत. मलाही ते दिसतंय. पण पाच मिनिटं जास्त द्या, कारण आत येताना दारात मला कार्यक्रमपत्रिका मिळाली आणि ती मी तिथेच उभ्याने दोनदा वाचली. माझ्या भाषणानंतर काय लिहिलंय? 'प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते पुडके उघडणे.'

हेच ते टेबलावरचं निळं पुडकं. दुकानात नवीन लागलेल्या माणसालाही त्याची गोष्ट ठाऊक असते. दादा तेव्हा तेरा वर्षांचा होता, मी नऊ. आम्ही दोघं आपल्या पाहुण्यांच्या त्या अंतराळातल्या मालिकेसाठी वेडे होतो. मी खोलीभर कप्तान होऊन हिंडायचे, आणि दादा बिचारा कायम यानाचा दरवाजा व्हायचा. त्या सुट्टीत बाबांनी मला रंगपेटी दिली आणि दादाला कप्तानाचा बाहुला. दादाची सवय अशी, की भेट सुट्टीच्या शेवटच्या दिवशी उघडायची. तो दिवस यायच्या आत बाबा गेले. कामावर असतानाच छातीत कळ आली आणि संपलं. मग दादा म्हणाला, "आता हे नाही उघडायचं." तेव्हापासून ते पुडकं आधी घरी होतं, मग दुकानातल्या काचेच्या कपाटात. सगळे म्हणतात, बापाची शेवटची भेट जिवापाड जपणारा मुलगा.

पाहुणे, तुम्ही एवढ्या लांबून आलात. हात जोडून सांगते, ते उघडू नका. त्यात कप्तान नाही. त्यात कपडे धुण्याचा साबण आहे.

थांबा, मला बोलू द्या. नाहीतर पुन्हा जीभ उचलायची नाही.

बाबांना जाऊन आठ दिवस झाले होते. आई आणि दादा कसल्याशा कागदांवर सह्या करायला गेले होते. मला तो कप्तान फक्त एकदा बघायचा होता. कागद अलगद सुटला, कप्तान हातात आला, आणि मी त्याचा हात वर करायला गेले तर तो खांद्यातून निखळलाच. कप्तान शिवणयंत्राच्या खणात कोंबला, खोक्यात वजनाला साबण ठेवला आणि बाबांना बघून बघून शिकले होते तसंच पुडकं बांधलं. दोन दिवसांनी खणात बघितलं तर कप्तान गायब! वाटलं, आईने टाकला असणार. विचारायची सोय कुठे होती?

दर सुट्टीत दादा विचारायचा, "काय गं, यंदा उघडूया का?" मी म्हणायचे, "राहू दे रे, बाबांची आठवण आहे." पंचेचाळीस वर्षं मी हेच म्हणत आले. तुम्ही सगळे त्याच्या भक्तीचं कौतुक करायचात आणि मी विषय बदलायचे. दादा, चुकले मी. बाबांनी तुला दिलेली शेवटची वस्तू मी मोडली, आणि तुला साबणाची राखण करायला लावली.

हा उठला कशाला? दादा, बस ना. काय? मी उघडू? इथे, सगळ्यांसमोर?

बरं.

फीत सुटली. हा कागद. हे खोकं...

हा कप्तान आहे.

माफ करा. जरा पाणी द्या.

हा तोच आहे. खांद्याला डिंकाचा पिवळा ओघळ आहे. दादा, अरे, कसं? माईकवर सांग, लोकांना ऐकू दे. नाही म्हणतो. मग मीच सांगते. तो म्हणतो, "गाठ डावीकडे होती. बाबांनी कधी डावीकडे बांधली होती का?"

मी डावखुरी आहे हो! सगळं बघून शिकले, पण गाठ माझ्या हाताने पडली. त्याला घरात पाऊल टाकल्या टाकल्या कळलं होतं. त्याने खण शोधला, हात चिकटवला, कप्तान खोक्यात ठेवला आणि गाठ पुन्हा डावीकडेच बांधली, मला संशय येऊ नये म्हणून. हा उजव्या हाताचा माणूस! म्हणतो, सात वेळा सोडून बांधली.

आणि साबण? "साबण संपवला," म्हणतो.

मग मला बोलला का नाहीस रे? दर वर्षी विचारायचास ते... "तू सांगशील म्हणून विचारायचो. नऊ वर्षांची होतीस, बाबा नुकते गेलेले. तुला रागवायला जीव झाला नाही. पुढे म्हटलं, सांगेल तेव्हा उघडू."

माझी पाच मिनिटं संपली. मालकीणबाईंचे, पाहुण्यांचे आणि तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. पाहुणे, तुमचं काम मी करून टाकलं, राग मानू नका. बोलताना काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. माझी एक चूक दादाने पंचेचाळीस वर्षं पोटात घातलीच आहे.