कन्व्हर्टरची तपासणी

आवाज सुधारायला स्टिरिओला बाहेरून जोडायचा ऑडिओ कन्व्हर्टर घ्यावा का, हे काही ठरेना राव. मग मित्राचाच मागून आणला. बायको चाकणच्या कंपनीत क्वालिटीला, माल पास की रिजेक्ट ते ठरवणारी. आमच्या शिफ्ट उलट्या, त्यामुळे निवांत भेट फक्त गुरुवारच्या सुट्टीला.

"डोळे मिटा. मी कधी जोडीन, कधी काढीन. तुम्ही फरक सांगा," ती म्हणाली आणि गाणं लावून शेजारी येऊन बसली.

"अहाहा! तबला बघ कसा सुटा ऐकू येतोय!"

"अहो, कन्व्हर्टर अजून खोक्यातच आहे."

मी ओशाळलो. "म्हणजे रिजेक्ट?"

"छे, होल्डवर ठेवू. पुढच्या गुरुवारी परत तपासू. असंच शेजारी बसायचं."

मित्र सारखा विचारतोय, परत कधी देतोस? त्याला काय सांगू? तपासणी अजून चालूच आहे!