किती महिने?

२००७ च्या फेब्रुवारीत न्यू जर्सीत, पार्सिपनीतल्या एका टॅक्सवाल्याच्या ऑफिसात मालिनी आपल्या नंबराची वाट पाहत बसली होती. मागच्या खुर्च्यांवर एक जोडपं हळू आवाजात मराठीत बोलत होतं.

"तो विचारेल, मुलगी गेल्या वर्षात किती महिने तुमच्याकडे राहिली. बारा सांगायचं."

"सानिका गेल्या मार्चपासून नागपूरला आहे, निरंजन."

"माहितीये मला. आईकडे मीच सोडून आलो ना. पण चाइल्ड क्रेडिटचे हजार डॉलर टॅक्समधून सुटतात, यार."

"ते मूल सहा महिन्यांहून जास्त इथे राहिलं तरच."

"त्यात तिला आणायचं तिकीट निघेल."

"आणि डेकेअर?"

"बघू. तुझ्या प्रोजेक्टचं काय होतंय त्यावर."

"दिवाळीतही हेच म्हणालास."

"तेव्हा खरंच वाटलं होतं गं."



"काल आईंनी तिला विचारलं, मम्मा कुठेय? तर तिने टेलिफोनकडे बोट दाखवलं म्हणे."

"लहान आहे ती."

"हो."

त्यांचा नंबर आला. दोघं टेबलाशी गेले आणि तिथल्या माणसाने कॉम्प्युटरवरून नजर न काढता तोच प्रश्न विचारला. निरंजन खाली बघत राहिला.

"दोन," बायको म्हणाली. "जानेवारी आणि फेब्रुवारी."

बाहेर पडताना ते मालिनीच्या जवळूनच गेले.

"आता तिकीट कशातून काढायचं?"

"क्रेडिट कार्डवर काढ."

"आणि तुझा प्रोजेक्ट?"

"सोडते. तू माझं एकटीचं जायचं काढ आणि दोघींचं यायचं."